आयटीतली कपात राजीनाम्याच्या नावाखाली लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेले काही महिने तुमच्या पेपरात आयटीच्या बातम्या एक दिवसाआड येतायत. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने दोन टक्के म्हणजे बारा हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, मग सप्टेंबरात बर्नी मोरेनो नावाच्या अमेरिकेतल्या ओहायोच्या सिनेटरने आउटसोर्सिंगच्या बिलांवर २५ टक्के टॅक्स लावायचं विधेयक आणलं, आणि त्याच महिन्यात ट्रम्प सरकारने तिकडे जाऊन काम करायच्या एच-१बी व्हिसाच्या नवीन अर्जाला एक लाख डॉलर फी लावली. तिन्ही बातम्या तुम्ही ठळक छापल्यात, त्याबद्दल आभार. पण कपातीच्या बातमीत आकडा कोण देतं? कंपनीच देते. खरंच किती लोकांची नोकरी गेली, कुठल्या शहरातली गेली, किती वर्षं काम केलेल्यांची गेली हे कंपनीबाहेर कोणालाच माहीत नसतं, सरकारलाही नसतं, आणि मला या पत्रात मुख्यतः त्याबद्दलच लिहायचंय.

मी १९९८ पासून या फील्डमध्ये आहे. सांगलीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरीला लागले तेव्हा वायटूकेची (२००० साल लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा बिघडू नयेत म्हणूनच्या कामांची) धामधूम चालू होती, मेनफ्रेम या मोठ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर कोबोल ही प्रोग्रामिंगची जुनी भाषा शिकले, मधे काही वर्षं ऑनसाइट अमेरिकेत होते, परत आले, आता क्लाउड मायग्रेशनचं, म्हणजे कंपन्यांच्या जुन्या सिस्टीम इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर हलवायचं काम करते. आउटसोर्सिंगमुळे माझ्यासारख्या कितीतरी घरांचं भलं झालं, वडिलांचं सोसायटीचं कर्ज फिटलं, धाकट्या भावाचं शिक्षण झालं, पुण्यात स्वतःचं घर झालं, त्यामुळे आउटसोर्सिंग वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं असं आहे की ज्या हिशोबाने तिकडच्या नोकऱ्या इकडे आल्या त्याच हिशोबाने आता इकडच्या जातायत, आणि जाताना त्यांची नोंद कपात म्हणून होतच नाही, राजीनामा म्हणून होते.

हे कसं होतं ते बाहेरच्यांना कळत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते. माझी एक मैत्रीण एका मोठ्या कंपनीत (नाव देत नाही) अठरा वर्षं होती, टेस्टिंगपासून सुरुवात करून डिलिव्हरी मॅनेजर झालेली. क्लायंटने प्रोजेक्ट दुसऱ्या व्हेंडरला दिला, ही बेंचवर आली, म्हणजे पगार चालू पण हातात प्रोजेक्ट नाही. नवीन प्रोजेक्टसाठी रोज रिसोर्स मॅनेजमेंटवाल्यांना मेल टाकायची, इंटर्नल इंटरव्ह्यू द्यायची, प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, तुमचा बँड (पगाराची श्रेणी) जास्त आहे, त्या रेटला क्लायंट घेणार नाही. मग एके दिवशी कॅलेंडरवर एचआरचा अर्ध्या तासाचा इन्व्हाइट आला, विषय नुसता ‘कनेक्ट’. खोलीत दोन एचआरवाले, फोन बाहेर ठेवायला सांगितला. म्हणाले मॅडम, आत्ता पोर्टलवर रेझिग्नेशन टाका, तीन महिन्यांचा बेसिक देतो, रिलीव्हिंग लेटर क्लीन देतो, नाहीतर टर्मिनेट करावं लागेल आणि मग पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला तेच दिसेल. तिने घरी विचारून सांगते म्हटलं तर म्हणाले ही ऑफर आजच्या दिवसापुरतीच आहे. शेवटी तिने लॅपटॉप उघडला. राजीनाम्याच्या फॉर्ममध्ये कारण निवडायचा ड्रॉपडाउन असतो, त्यात हायर स्टडीज, लग्न, तब्येत, बेटर ऑपॉर्च्युनिटी, पर्सनल रीझन असे पर्याय असतात, कंपनीने सांगितलं म्हणून असा पर्याय नसतो. तिने पर्सनल रीझन निवडलं आणि सबमिट केलं. संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तिचा आयडी बंद झाला होता.

आता सांगा, सरकारी कागदावर या बाईची नोकरी गेली का? नाही गेली. तिने वैयक्तिक कारणाने सोडली. कंपन्या दर तिमाहीला किती टक्के लोक स्वतःहून सोडून गेले तो आकडा शेअर बाजारासाठी देतात, तिच्यासारखीचा राजीनामा त्यात धरतात की कशात धरतात हे बाहेरच्याला कळायला काही मार्ग नाही.

टीसीएसचंच उदाहरण घ्या कारण ते जाहीर आकड्यांत आहे. जुलै ते सप्टेंबर २०२५ या तिमाहीत त्यांची माणसं जवळपास वीस हजारांनी कमी झाली, कंपनीने सांगितलं की त्यातले आम्ही काढलेले साधारण सहा हजार. उरलेल्यांत बरेच जण खरंच दुसरी नोकरी मिळाली म्हणून गेले असतील, तेवढे लोक एवढ्या मोठ्या कंपनीत दर तिमाहीला जातातच, ते मी नाकारत नाही. पण त्याच सुमारास पुण्यातल्या नाइट्स या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने एकट्या पुण्यातूनच अडीच हजार जणांकडून जबरदस्तीने राजीनामे घेतले असा आरोप केला, कंपनीने तो साफ नाकारला. मग खरं कोणाचं? हे ठरवायला तिसरा कोणीतरी लागतो ना, कामगार खात्याकडे एखादं रजिस्टर लागतं, तेच नाही. एखाद्या कारखान्यात टाळं लागलं की गेटवर माणसं दिसतात, पेपरात फोटो येतो, आमदार येतात, आमच्याकडे गेट नाही, लॅपटॉप कुरिअरने परत जातो आणि शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही.

हा हिशोब मुळात काय आहे तेही एकदा लोकांनी समजून घ्यायला पाहिजे कारण सगळं तिथून सुरू होतं. आपल्या बहुतेक कंपन्यांनी सॉफ्टवेअर विकलंच नाही, माणसांचे तास विकले. अगदी सुरुवातीपासून. टीसीएसने १९७४ मध्ये बरोज या अमेरिकन कंपनीबरोबर काम सुरू केलं, मग पटणी ही कंपनी आली, पटणीतून बाहेर पडलेल्या सात जणांनी १९८१ मध्ये आपल्या पुण्यातच इन्फोसिस काढली, ती १९८३ ला बंगळूरला गेली. त्या काळात कॉम्प्युटर आयात करायला लायसन्स लागायचं, फोन लागायला वर्षानुवर्षं थांबायला लागायचं, म्हणून माणसंच विमानात बसवून तिकडे पाठवायची. १९९१ नंतर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आले, सॅटेलाइट लिंक मिळाली, मग काम इकडे बसून व्हायला लागलं आणि हिंजवडीच्या शेतांत इमारती उभ्या राहिल्या. तरी बिल लागायचं ते तासावरच. तुमच्याकडे अमेरिकेत एक प्रोग्रामर ज्या पैशात काम करतो त्यात आमचे तीन येतात, धंद्याचं सगळं बोलणं या एका वाक्यावर झालं आणि त्यावर पन्नास वर्षं धंदा चालला.

तासावर धंदा म्हटलं की नफा वाढवायचा रस्ता एकच, खाली स्वस्तातली नवीन पोरं भरपूर घ्यायची, मधे थोडे अनुभवी, वर अगदी थोडे. याला पिरॅमिड म्हणतात, दर तिमाहीला मॅनेजरला विचारलं जातं पिरॅमिड बिघडलाय का म्हणून, म्हणजे टीममध्ये अनुभवी लोक जास्त झालेत का. चांगलं काम करून माणूस वर चढला, पगार वाढला, की तोच प्रोजेक्टला जड व्हायला लागतो. माझ्या मैत्रिणीचं काम वाईट होतं असं कोणीही म्हटलं नाही, तिचं शेवटचं रेटिंग चांगलं होतं. ती महाग झाली होती. बस्स.

आणि फ्रेशरचं काय, तर साध्या बेरीज गुणाकाराने बघा. तासाला २५ डॉलर दर धरा, महिन्याचे १६० तास, झाले चार हजार डॉलर. आजच्या भावाने साडेतीन लाखांच्या आसपास. ऑफशोअरला, म्हणजे इकडे बसून करायला, यापेक्षा कमी दरानेही काम घेतात, आणि त्यातून ऑफिसभाडं, बेंच, ट्रेनिंग, सेल्स सगळं भागवायचं असतं हे मला माहितीय. पण ज्या पोराच्या नावाने महिन्याला एवढं बिल लागू शकतं त्याचं वर्षाचं पॅकेज साडेतीन लाखाच्या आसपास असतं. २०१० च्या सुमारासही ते तीन सव्वातीनच होतं! तेव्हा डॉलर पंचेचाळीसला होता, आता पंच्याऐंशीच्या वर गेलाय, म्हणजे कंपनीला प्रत्येक डॉलरमागे जवळजवळ दुप्पट रुपये मिळायला लागले, हिंजवडीत वन बीएचकेचं भाडं कुठल्या कुठे गेलं, मेसचा डबा कुठल्या कुठे गेला, आणि पोराचा पगार आहे तिथेच. महागाई धरली तर तो निम्म्यावर आलाय. २०२३ मध्ये तर एका नावाजलेल्या कंपनीने साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या मुलांना साडेतीन लाखांवर या असं सांगितलं, बातम्या आल्या होत्या.

माझा भाचा कराडजवळच्या कॉलेजातून पास झाला, कॅम्पसमध्ये सिलेक्ट झाला, गावात पेढे वाटून झाले, आणि मग जॉइनिंगची तारीखच येईना. मेल टाकला की उत्तर यायचं, बिझनेस रिक्वायरमेंटनुसार कळवू. दर रविवारी मला फोन करायचा, मावशी काय करू, दुसरीकडे अप्लाय केलं तर ते विचारतात वर्षभर काय करत होतास, आणि इथली ऑफर सोडली तर हातचं जाईल. बँकेने शैक्षणिक कर्जाचा हप्ता काही त्याच्या जॉइनिंगसाठी थांबवला नाही. त्याच्या वडिलांनी एकदा मला विचारलं, ताई, ऑफर लेटर आहे म्हणजे नोकरी आहेच ना? मला त्यांना नाही म्हणायला जड गेलं. अशी मुलं गावोगाव आहेत. इन्फोसिसच्या २०२२ च्या बॅचच्या मुलांना तर दोन दोन वर्षं थांबावं लागलं, आणि रुजू झाल्यावरही फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या कॅम्पसवरून तीनशेवर ट्रेनींना परीक्षेत नापास झाले म्हणून घरी पाठवलं. ही मुलंही कुठल्या कपातीच्या आकड्यात नाहीत, जे रुजूच झाले नाहीत त्यांना कोण मोजणार!

दुसऱ्या बाजूला कॉलेजं कॉम्प्युटरच्या जागा वाढवतच आहेत. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईने २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांच्या जागांवरची मर्यादाच काढून टाकली, त्यामुळे सगळीकडे कॉम्प्युटर, आयटी, एआय डेटा सायन्स. सिव्हिल आणि मेकॅनिकलच्या वर्गात पोरं शोधावी लागतात. प्रवेशाच्या वेळी पालकांना प्लेसमेंटचा बोर्ड दाखवतात त्यावर ऑफर लेटरं मोजलेली असतात, किती जण खरंच रुजू झाले तो बोर्ड मी तरी कुठल्या कॉलेजात पाहिला नाही.

आता अमेरिकेबद्दल. आपल्याकडे वातावरण असं आहे की तिकडे व्हिसाची फी वाढली, टॅक्सचं विधेयक आलं की लोक म्हणतात हे आपल्यावर जळतात. मी तिथे राहून काम केलंय, मला ते तसं नाही वाटत. कनेक्टिकटमध्ये हार्टफर्ड नावाचं शहर आहे, विमा कंपन्यांचं गाव, तिथल्या एका विमा कंपनीत मी नॉलेज ट्रान्सफरसाठी गेले होते. नॉलेज ट्रान्सफर म्हणजे तिकडचा माणूस त्याचं काम आपल्याला शिकवतो, आधी आपण त्याच्या शेजारी बसून बघायचं, मग आपण करायचं आणि त्याने बघायचं, मग तो जातो. मला शिकवणारा गृहस्थ साठीच्या जवळ आलेला होता, त्या एकाच सिस्टीमवर त्याचं आयुष्य गेलेलं. आपल्याला काढणार आहेत हे त्याला माहीत होतं, आणि शिकवणं नीट पूर्ण केलं तरच सेव्हरन्सचे (नोकरीवरून काढताना द्यायचे) पैसे मिळणार हेही माहीत होतं. तरी त्याने मला एकदाही तोडून बोललेलं नाही. रात्रीच्या बॅचमधल्या (रात्री एकामागून एक आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममधल्या) एका प्रोग्रामात एक इफ कंडिशन, म्हणजे अट तपासणारी ओळ होती, बघताना निरर्थक वाटायची, रायडरच्या (पॉलिसीला जोडून घेतलेल्या जादा विम्याच्या) रकमेच्या जागी आकडा आहे का हेच तपासायची, रकमेच्या जागी आकडा नसणार तर काय असणार. त्याने बोट ठेवून सांगितलं, ही कधी काढू नका, सत्तरच्या दशकात आमच्या कंपनीने एक छोटी कंपनी घेतली होती, तिच्या जुन्या पॉलिसींमध्ये या जागी नुसते स्पेस आहेत, त्यातली एखादी पॉलिसी वर्षअखेरीला बाहेर येते. कुठल्याच डॉक्युमेंटमध्ये ते नव्हतं, मी माझ्या नोट्समध्ये लिहून घेतलं, नोट्स टीमला दिल्या. दोन वर्षांनी मी दुसऱ्या प्रोजेक्टवर असताना क्लायंटने कोड क्लीनअप करायला सांगितलं, तोपर्यंत ऑफशोअरची जवळजवळ सगळी टीम बदललेली, नव्या मुलांना ती ओळ फालतू वाटली, काढली. डिसेंबर अखेरीला बॅच एस-झिरो-सी-सेव्हन या एररने बंद पडली, तिकडे रात्रीचे दोन, इकडे दुपारचे साडेबारा, सकाळी ऑफिसं उघडायच्या आत पॉलिसींची बिलं निघायची होती. मेनफ्रेमवाल्यांना एस-झिरो-सी-सेव्हन म्हणजे काय ते सांगायला नको, आकड्याच्या जागी आकडा नाही. जुनी नोट आठवली म्हणून कोणीतरी मला फोन केला, नाहीतर ती रात्र कठीण होती.

हे एवढं लांबण लावून सांगायचं कारण म्हणजे आज इकडे ज्यांना काढतायत ते कोण आहेत बघा. टीसीएसने स्वतः सांगितलं होतं की कपात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली आहे. म्हणजे पंधरा-वीस वर्षांचा अनुभव असलेले, ज्यांना कुठली ओळ का लिहिली ते माहीत आहे असे लोक. हार्टफर्डच्या त्या माणसाच्या जागी आता आपल्याकडचे लोक आहेत, त्यांच्याकडून शिकून घेणारा कधी पोलंडमध्ये असतो, कधी मेक्सिकोत, कधी त्याच मजल्यावरचा तेवीस वर्षांचा मुलगा असतो.

डिस्नेचं प्रकरण वाचलं असेल तुम्ही, २०१५ च्या सुमारास ऑर्लँडोतल्या साधारण अडीचशे आयटी कर्मचाऱ्यांना काढलं आणि त्यातल्या अनेकांना व्हिसावर आलेल्या भारतीयांना काम शिकवायला लावलं, २०१६ ला त्यातला एक जण सिनेटच्या समितीसमोर हे सांगताना रडला. त्या वेळी आपल्या सोशल मीडियावर लोक लिहायचे, स्किल वाढवा ना मग. आज तेच वाक्य आपल्या कंपन्या आपल्या लोकांना ऐकवतायत, स्किल मिसमॅच आहे म्हणून. ज्याने अठरा वर्षांत कोबोलवरून जावावर, जावावरून क्लाउडवर उडी मारली त्याचं स्किल एका महिन्यात कसं काय मिसमॅच होतं, आणि त्याला सहा महिने शिकवण्यापेक्षा काढणं स्वस्त पडतं हे सरळ का नाही सांगत?

एआयबद्दल थोडंच लिहिते कारण त्यावर रोज खूप छापून येतं. एआय सगळ्यांच्या नोकऱ्या खाणार असं मला वाटत नाही, मी स्वतः रोज वापरते, चुका पण रोज पकडते. पण टेस्ट केस लिहिणं, सिस्टीमच्या नोंदी (लॉग) बघून तक्रारीचं तिकीट पुढे पाठवणं, जुना कोड नव्या भाषेत आणणं ही कामं फ्रेशरला देत होतो, त्यावर तो शिकायचा, आणि नेमकी तीच कामं आता कमी माणसांत होतात. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करताना क्लायंट पहिला प्रश्न विचारतो, एआय वापरताय ना, मग बिल किती कमी करताय? तास विकणाऱ्याकडे याला उत्तर नसतं, तास कमी केले की माणसं कमी. दुसरीकडे क्लायंटच आता स्वतःची सेंटर काढतायत, देशात अशी सतराशेच्या वर जीसीसी झालीत, पुण्यात बाणेर खराडीला बघाल तिथे आहेत, पगार चांगले देतात, पण त्यांना तयार माणूस लागतो, कॉलेजातून आलेल्या साध्या पोराला तिथे फारसं कोणी उभं करत नाही. म्हणजे शिकायची पायरीच कमी होतेय, आणि दहा वर्षांनी अनुभवी माणूस कुठून येणार याचं उत्तर आत्ता कोणाकडे मागायचं?

काही वाचक म्हणतील आयटीवाल्यांनी भरपूर कमावलं, आता रडतायत कशाला. त्यांना माझं सांगणं आहे की पंधरा वर्षं काम केलेल्या सगळ्यांचा बंगला आणि दोन गाड्या नसतात. वाकड, पिंपळे सौदागर, हडपसरला वीस-वीस वर्षांच्या कर्जावर घेतलेले फ्लॅट आहेत, नवरा-बायको दोघं आयटीत असले तर एकाच वर्षात दोघांवर वेळ येते असंही होतं. आणि त्या पगारावर कॅबवाले, मेसवाल्या काकू, पीजी चालवणारे, पाळणाघरं, इस्त्रीवाले सगळे जगतात. शिवाय या कंपन्या काही कोणाच्या मदतीशिवाय वाढल्या नाहीत, निर्यातीच्या नफ्यावर मार्च २०११ पर्यंत इन्कम टॅक्सची सवलत होती, त्यानंतर एसईझेडची (विशेष आर्थिक क्षेत्राची) होती, एमआयडीसीने जमिनी दिल्या, राज्याच्या आयटी धोरणात मुद्रांक शुल्कापासून वीज शुल्कापर्यंत सवलती आहेत. हे सगळं लोकांच्या पैशातून झालं. मग माणसं किती घेतली हे सांगून सवलत घेणाऱ्याने माणसं किती काढली हेही सांगितलंच पाहिजे, यात जगावेगळं काय मागितलं?

कायदा अगदीच नाही असंही नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ पासून तरतूद होती की वर्षभर काम केलेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस, प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार आणि सरकारला कळवणं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेतही ती आहे, वर नवं कौशल्य शिकायला आणखी पंधरा दिवसांचे पैसे द्यायचं म्हटलंय. पण हे सगळं कपात झाली तर! राजीनामा दिलेल्याला यातलं काहीच लागू नाही, म्हणूनच तर राजीनामा लिहून घेतात. दुसरी पळवाट हुद्द्याची. तीन वर्षांच्या पोरालाही कार्डावर कुठलं तरी मॅनेजर लिहून देतात आणि मग म्हणतात हा कामगारच नाही. चेन्नईत २०१५ मध्ये एका मोठ्या कंपनीने काढलेला इंजिनिअर यावर भांडला, कंपनी म्हणाली तो मॅनेजर होता, २०२२ मध्ये कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि कामावर परत घ्या, मधल्या वर्षांचा पगार द्या असा आदेश दिला. सात वर्षं लागली. एवढी वर्षं घरचा हप्ता भरत कोर्टात उभं राहायची ताकद किती जणांत असते?

म्हणून राज्याच्या कामगार खात्याकडे माझी मागणी आहे, आणि तुमच्या पेपरने ती लावून धरावी. शंभरच्या वर माणसं असलेल्या प्रत्येक आयटी कंपनीने दर तिमाहीला शहरवार सांगावं, किती जण आले, किती गेले, गेलेल्यांपैकी किती बेंचवर असताना गेले आणि किती जणांना एक्झिटच्या वेळी कंपनीने जादा पैसे दिले. हे शेवटचे दोन आकडे मिळाले की बाकी सगळं आपोआप समजतं, कारण स्वतःहून जाणाऱ्याला कोणी तीन महिन्यांचा बेसिक देत नाही. ही माहिती प्रत्येक एचआरच्या सिस्टीममध्ये आजही आहे, एक रिपोर्ट काढायचं काम आहे, आमच्यासारख्याला सांगितलं तर दुपारपर्यंत काढून देऊ. आणि दिलेला राजीनामा सात दिवसांत मागे घ्यायचा हक्क कायद्याने द्यावा, म्हणजे बंद खोलीत अर्ध्या तासात सही घेण्याला काही अर्थ उरणार नाही. ऑफर लेटर दिलं आणि सहा महिन्यांत रुजू करून घेतलं नाही तर त्या मुलाला काहीतरी भरपाई मिळायला हवी, निदान त्याच्या कर्जाच्या हप्त्याइतकी.

आणि जे आत्ता बेंचवर बसून हे वाचतायत त्यांच्यासाठी. तुम्हाला असा इन्व्हाइट आला तर खोलीत काहीही सबमिट करू नका, विचार करायला वेळ हवा असं सांगून बाहेर या, आणि बाहेर आल्या आल्या जे बोलणं झालं ते तारीख, वेळ, कोण कोण होतं यासकट एचआरला मेल करा. ऑफिसच्या आयडीवरून करा आणि पर्सनल आयडीला सीसी ठेवा, कारण ऑफिसचा आयडी कधी बंद होईल सांगता येत नाही. अप्रेझलची लेटरं आणि सॅलरी स्लिपा आजच घरी उतरवून ठेवा, क्लायंटची कुठलीही फाइल मात्र घेऊ नका, त्यावरूनच उलट तुम्हाला अडकवतील. राजीनामा द्यावाच लागला तर कारणाच्या खाली रिमार्कचा रकाना असतो, त्यात ‘कंपनीच्या सांगण्यावरून’ एवढे शब्द लिहा. पुण्यात शिवाजीनगरला कामगार आयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या, एकट्याने जायला अवघड वाटत असेल तर चार जण मिळून जा.

पत्र लांबलं, पण काटछाट करायची झाली तर माझ्याबद्दलचा मजकूर काढा, मागण्या आणि बेंचवरच्यांसाठी लिहिलेला वरचा परिच्छेद काढू नका. माझी नोकरी चालू आहे त्यामुळे नाव छापू नये ही विनंती, नाव-पत्ता आणि फोन नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय, खात्री करायची असल्यास संध्याकाळी सातनंतर फोन करावा.

आपली नियमित वाचक,
पिंपळे सौदागर, पुणे